निळ्या बाटलीमागचा डॉक्टर

दिवाणखान्यातल्या चार फुटी काचेच्या टाकीत वीतभर लांबीचा ऑस्कर मासा असतो. रोज सकाळी खाणे टाकायला कोणी जवळ आले, की तो काचेपाशी धावत येतो. एके दिवशी मात्र तो येत नाही. कोपऱ्यातल्या दगडावर अंग घासत राहतो, त्याचे कल्ले भराभर हलत असतात आणि नीट निरखून पाहिले तर अंगावर आणि परांवर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसतात. घरातले कोणीतरी शोभेच्या माशांच्या दुकानात धाव घेते. दुकानदार पुरते ऐकून घेण्याआधीच फळीवरची एक छोटी बाटली काढून हातात ठेवतो. कधी ती निळी असते, कधी हिरवी, कधी पिवळी.

निळ्या बाटलीत असते मेथिलीन ब्लू, हिरव्या बाटलीत मॅलाकाइट ग्रीन आणि पिवळ्या बाटलीत अ‍ॅक्रिफ्लेविन. तिन्ही रंगद्रव्येच. कापड रंगवण्यासाठी कारखान्यात तयार होणाऱ्या रंगांतून रोगावरचे औषध निघू शकेल, ही कल्पना एका जर्मन डॉक्टरने आयुष्यभर उराशी बाळगली. त्या डॉक्टरचे नाव पॉल एर्लिख. निळे द्रव्य त्यांनी माणसाच्या मलेरियावर वापरून पाहिले, पिवळे त्यांच्याच संशोधनातून निघाले. रोगजंतू मरावा आणि रोगी मात्र वाचावा, हे औषधाला कसे साधावे, हा त्यांचा प्रश्न होता. आजारी माशाच्या टाकीत बाटली उपडी करणाऱ्यासमोरही नेमका तोच प्रश्न असतो, फक्त बहुतेकांच्या तो ध्यानात येत नाही.

रंगांचा नाद

एर्लिख यांचा जन्म 14 मार्च 1854 रोजी सायलेशिया प्रांतातल्या स्ट्रेलेन या छोट्या गावात एका ज्यू कुटुंबात झाला. हा भाग आज पोलंडमध्ये आहे. शाळेत पॉल काही चमकणारा विद्यार्थी नव्हता. पण त्याच्या आईचा भाचा कार्ल वायगर्ट हा डॉक्टर होता आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी शरीरातल्या पेशी रंगवण्याचे काम करत होता. जीवाणूंना रंग देऊन ते दृश्य करणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याची गणना होते. या मामेभावाच्या टेबलावर पॉलला रंगांचा नाद लागला, तो कायमचा.

तो काळ जर्मन रंग उद्योगाच्या भरभराटीचा होता. कोळशापासून मिळणाऱ्या डांबरातून रसायनतज्ज्ञ रोज नवे रंग काढत होते. मेथिलीन ब्लू हे द्रव्य 1876 मध्ये हाइनरिख कारो यांनी तयार केले, ते कापडासाठी. ब्रेस्लाउ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग, लाइपझिग अशा विद्यापीठांत शिकताना पॉलचा बराचसा वेळ ठरलेल्या अभ्यासक्रमापेक्षा या रंगांतच जाई. त्याची बोटे, टेबल, अंगावरचे कपडे सगळ्यांवर डाग पडलेले असत.

पण हा नुसता छंद नव्हता. एकाच कापावर एक रंग टाकला, तर काही पेशी तो घेतात आणि शेजारच्या घेत नाहीत. असे का? पेशी आणि रंग यांच्यात काहीतरी रासायनिक ओढ असली पाहिजे, कुलपाला ठरावीक किल्ली लागावी तशी, असे त्याने ताडले. 1878 मध्ये लाइपझिगला सादर केलेला त्याचा प्रबंध पेशी रंगवण्याच्या शास्त्रावरच होता. अ‍ॅलर्जीच्या त्रासात मोठा भाग घेणाऱ्या मास्ट पेशींची ओळख त्यातूनच पटली.

रक्त, क्षय आणि कोमट शेगडी

पदवी मिळाल्यावर एर्लिख बर्लिनच्या शारिते रुग्णालयात प्राध्यापक फ्रेरिक्स यांच्या हाताखाली रुजू झाले. तिथे त्यांनी रक्ताचे थेंब काचेवर पसरून रंगवायला सुरुवात केली. सरसकट एकसारख्या वाटणाऱ्या पांढऱ्या पेशींचे वेगवेगळे प्रकार त्यांनी रंगांच्या आधारे दाखवून दिले. आज कोणत्याही प्रयोगशाळेच्या रक्ततपासणीच्या कागदावर इओसिनोफिल किंवा न्यूट्रोफिल असे शब्द दिसतात, त्यामागे हे काम आहे.

24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जीवाणू सापडल्याचे जाहीर केले. श्रोत्यांत एर्लिख होते. कॉख यांची रंगवण्याची रीत वेळखाऊ होती. एर्लिख थेट प्रयोगशाळेत गेले आणि कामाला लागले. असे सांगतात, की रंगवलेल्या काचा त्यांनी रात्री विझलेल्या शेगडीवर वाळत ठेवल्या आणि सकाळी कोणीतरी नकळत शेगडी पेटवली. ऊब मिळाल्याने क्षयाचे जंतू अधिकच लख्ख रंगले होते. गोष्टीतला तपशील काहीही असो, क्षयाचा जंतू एकदा घेतलेला रंग आम्लाने धुऊनही सोडत नाही, ही गोष्ट एर्लिख यांनी हेरली. पुढे इतरांनी त्यात सुधारणा केल्या. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासण्याची जी पद्धत पिढ्यान्पिढ्या चालत आली, तिचे मूळ इथे आहे.

ही पद्धत माशांच्या टाकीपर्यंतही येऊन पोहोचते. क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद, मायकोबॅक्टेरियम मरिनम, माशांना होतो. असे मासे खंगत जातात, पोट आत जाते, अंगावर जखमा होतात. हाताला चीर असताना उघड्या हाताने टाकी साफ करणाऱ्या माणसाच्या त्वचेत तो शिरू शकतो आणि बोटांवर, हातावर न भरणाऱ्या गाठी येतात. त्यावर योग्य प्रतिजैविके महिनोन्महिने घ्यावी लागतात. अशी गाठ घेऊन दवाखान्यात गेल्यावर घरी माशांची टाकी आहे, एवढे एक वाक्य डॉक्टरला सांगितले तर निदानाचे कित्येक आठवडे वाचतात. त्या गाठीच्या तुकड्यात हा जंतू शोधायचा तो एर्लिख यांच्याच धाग्याने पुढे आलेल्या रंगाने.

रंगांनी क्षय ओळखणाऱ्या या माणसाला क्षयाने सोडले नाही. 1888 मध्ये त्यांच्या स्वतःच्या थुंकीत तेच जंतू सापडले. तरुण पत्नी हेडविग आणि दोन लहान मुली असा संसार होता. कोरड्या हवेसाठी ते काही काळ इजिप्तमध्ये जाऊन राहिले आणि बरे होऊन परतले. तोवर जुने प्राध्यापक वारले होते आणि रुग्णालयातली जागाही सुटली होती. घरच्या पैशावर एक छोटी प्रयोगशाळा मांडून त्यांनी पुन्हा काम सुरू केले. पुढे कॉख यांनी त्यांना आपल्या संस्थेत जागा दिली.

निळे औषध

आजारपणाआधीच, 1885-86 च्या सुमारास, एर्लिख यांनी एक पाऊल पुढे टाकले होते. आतापर्यंत रंग दिला जात होता तो मेलेल्या पेशींना. त्यांनी मेथिलीन ब्लू जिवंत प्राण्याच्या शरीरात सोडून पाहिले. बाकीचे बरेचसे शरीर बाजूला ठेवून रंगाने मज्जातंतू शोधून काढले आणि ते निळे झाले. म्हणजे जिवंत शरीरातही रसायन आपले ठिकाण निवडते. मग एखादे रसायन रोगजंतूलाच निवडणार नाही कशावरून?

मलेरियाचा परजीवी मेथिलीन ब्लूने चांगला रंगतो, हे तोवर ठाऊक झाले होते. 1891 मध्ये एर्लिख आणि पॉल गुटमान यांनी बर्लिनमध्ये मलेरियाच्या दोन रुग्णांना हे द्रव्य दिले. रुग्णांची लघवी रंगली, पण तापही उतरला आणि रक्तातले परजीवी नाहीसे झाले. कारखान्यात बनलेल्या रसायनाने माणसाचा संसर्गजन्य आजार बरा करण्याचा हा पहिला प्रयत्न मानला जातो. क्विनाइन अधिक खात्रीचे असल्याने निळे औषध मागे पडले. मलेरिया देऊन तपासता येईल असा प्राणी हाताशी नसल्याने एर्लिख यांनाही तो धागा सोडावा लागला.

निळ्या द्रव्याची एक कामगिरी मात्र रुग्णालयात आजही चालू आहे. काही विषारी रसायनांमुळे रक्तातले हिमोग्लोबिन बिघडते आणि प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. रक्त चॉकलेटी दिसते, ओठ-नखे काळीनिळी पडतात. अशा रुग्णाच्या शिरेतून मेथिलीन ब्लू दिले, की रंग बघता बघता पालटतो. हेच संकट टाकीतल्या माशांवर येते ते नायट्राइटमुळे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, गाळणीतले जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. टाकी नवी असेल, मासा मोठा असेल आणि गाळणी लहान असेल, तर नायट्राइट साचते. ते कल्ल्यांवाटे रक्तात शिरते, कल्ले तपकिरी पडतात आणि हवा भरपूर सोडूनही मासा पृष्ठभागावर येऊन धापा टाकतो. यावर पहिला उपाय पाणी बदलण्याचा आणि खाणे थांबवण्याचा. निळे औषध त्यानंतर.

पण या औषधाची दुसरी बाजू विसरता येत नाही. जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असलेल्या माणसाला मेथिलीन ब्लू दिले, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. माशांच्या टाकीत ते गाळणीतल्या उपयुक्त जीवाणूंना मारू शकते आणि मग ज्या नायट्राइटसाठी ते घातले, तेच दुप्पट जोमाने वाढते. म्हणून हे औषध मुख्य टाकीत न घालता आजारी माशाला वेगळ्या टाकीत ठेवून देणे बरे. औषध आपले ठिकाण निवडते खरे, पण ते ठिकाण दर वेळी आपल्या मनासारखेच असेल असे नाही.

मात्रेचा हिशेब

औषधाचे माप म्हणजे काय, हे एर्लिख यांनी जगाला शिकवले ते घटसर्पाच्या निमित्ताने. 1890 च्या दशकात घटसर्पाने लहान मुले घसा आवळून मरत. एमिल फॉन बेरिंग यांनी प्राण्यांच्या रक्तातून प्रतिविष असलेली लस, म्हणजे सीरम, काढण्याचा मार्ग शोधला होता. पण एका बाटलीतले सीरम प्रभावी असे, तर दुसरीतले नुसते पाणी. किती द्यावे हे डॉक्टरला कळेना. एर्लिख यांनी ठरावीक विषाला किती सीरम निष्प्रभ करते हे गिनिपिगवर मोजून एक प्रमाणित एकक ठरवले आणि तुलनेसाठी कोरडे सीरम जपून ठेवण्याची पद्धत घालून दिली. त्यानंतर बाटलीवर लिहिलेल्या आकड्याला अर्थ आला. हाच व्याप सांभाळण्यासाठी 1896 मध्ये बर्लिनजवळ सीरम तपासणारी संस्था निघाली आणि 1899 मध्ये ती फ्रँकफुर्टला हलली. दोन्हीकडे प्रमुख एर्लिखच होते. शरीर विषाला कसे ओळखते याविषयी त्यांनी मांडलेल्या सिद्धान्तासह या सगळ्या कामासाठी 1908 चे नोबेल पारितोषिक त्यांना इल्या मेचनिकॉफ यांच्यासह मिळाले.

मासे पाळणारा नेमका इथेच चुकतो. मासा मोठा म्हणून औषध जास्त, असा हिशेब तो करतो. पाण्यात विरघळवायच्या औषधाची मात्रा माशाच्या आकारावर नव्हे, पाण्याच्या मापावर ठरते. टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि 1000 ने भागायचे, की लिटर मिळतात. 120 सेंटिमीटर लांब, 45 रुंद आणि 45 उंच पाणी असेल तर 243 लिटर. त्यातून वाळू-दगडांची जागा वजा करायची. मग बाटलीवरची सूचना वाचायची. गाळणीत कोळसा असेल तर तो आधी काढायचा, कारण तो औषधच शोषून घेतो. मांजरमासे आणि लोच यांसारख्या खवले नसलेल्या माशांना मॅलाकाइट ग्रीन अधिक बाधते, हेही लक्षात ठेवायचे. हिरवे औषध विषारी आहे, खाण्याच्या माशांसाठी त्यावर अनेक देशांत बंदी आहे. ते हातमोजे घालूनच हाताळावे.

सिगार, रंगीत चिठ्ठ्या आणि हट्टी जंतू

फ्रँकफुर्टमधले एर्लिख एक वल्लीच होते. दिवसाला पंचवीसेक सिगार ओढत, सिगारची पेटी काखोटीला मारून फिरत. जेवणाची शुद्ध नसे. कल्पना सुचली की जे हाती येईल त्यावर, प्रसंगी शर्टाच्या कफावरही, सूत्रे लिहीत. रोज सकाळी प्रत्येक सहायकाला रंगीत कागदाच्या चिठ्ठीवर त्या दिवसाचे काम लिहून जाई आणि ते झाले की नाही याचा पाठपुरावा होई. रात्री डोके शांत करायला गुप्तहेरकथा वाचत. 1906 मध्ये बँकमालक गेऑर्ग स्पायर यांच्या पत्नी फ्रान्सिस्का यांनी पतीच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून रसायनोपचारासाठी खास संस्था उभी राहिली. रंगांतून औषध काढण्याचे जुने स्वप्न पुरे करायला आता माणसे, पैसे आणि प्राणी तिन्ही होते.

1904 मध्ये जपानी सहकारी कियोशी शिगा यांच्यासह त्यांनी ट्रिपॅन रेड या लाल रंगाने उंदरांना ट्रिपॅनोसोम या परजीवीपासून वाचवून दाखवले होते. पण लवकरच एक विचित्र गोष्ट दिसली. औषधाची मात्रा अपुरी पडली, तर काही परजीवी उरत आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या त्या औषधाला दादच देत नसत. औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात, हे एर्लिख यांच्या प्रयोगशाळेने 1907 मध्ये दाखवून दिले, तेव्हा प्रतिजैविकांचा जन्मही झाला नव्हता. एर्लिख यांनी त्यावरून ठरवले, की औषध द्यायचे तर पुरेसे द्यायचे. शोभेच्या माशांच्या टाकीत अंदाजाने चिमूटभर प्रतिजैविक टाकणे हा म्हणूनच साधा खेळ नाही. तिथे तयार झालेले हट्टी जीवाणू पाणी बदलताना घरच्या मोरीत जातात.

पिवळे अ‍ॅक्रिफ्लेविन 1912 च्या सुमारास ट्रिपॅनोसोमवर औषध शोधताना हाती आले. त्याचा मोठा उपयोग मात्र पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी झाला. माशांच्या जखमांवर आणि बुरशीवर ते आजही वापरतात.

सहाशे सहा

एर्लिख यांचे नाव घरोघरी गेले ते उपदंशामुळे. आपल्याकडे भावप्रकाशकारांनी ज्याला फिरंग रोग म्हटले, तोच हा सिफिलिस. युरोपात शतकानुशतके त्यावर पारा देत. रोग्याचे दात हलत, तोंडातून लाळ गळे, आणि रोग जाईलच याची खात्री नसे. 1905 मध्ये या रोगाचा नागमोडी जंतू सापडला. एर्लिख तेव्हा अ‍ॅटॉक्सिल या आर्सेनिकयुक्त औषधाकडे वळले होते. ते जंतू मारी, पण काही रोग्यांची दृष्टीही घेई. रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बेर्टहाइम यांच्या मदतीने त्यांनी त्या रेणूत एकेक बदल करून शेकडो नवी संयुगे तयार करवून घेतली. प्रत्येक संयुगासाठी दोन आकडे काढायचे: किती मात्रेत जंतू मरतो आणि किती मात्रेपर्यंत प्राणी तग धरतो. दोहोंत जितके अंतर, तितके औषध चांगले. जंतूलाच नेमकी लागणारी ही जादूची गोळी शोधणे हे त्यांचे ध्येय होते.

क्रमांक 606 हे संयुग आधी निरुपयोगी म्हणून बाजूला पडले होते. 1909 मध्ये जपानहून साहाचिरो हाता आले. सशांना उपदंश देण्याचे तंत्र त्यांना अवगत होते. त्यांनी जुनी सगळी संयुगे चिकाटीने पुन्हा तपासली आणि 606 च्या एका टोचणीने सशांच्या जखमा भरून आल्या. एप्रिल 1910 मध्ये वीसबाडेनच्या परिषदेत ही बातमी जाहीर झाली आणि जगभरातून मागणीचा पूर लोटला. एर्लिख यांनी औषध लगेच बाजारात आणू दिले नाही. सुमारे 65 हजार मात्रा डॉक्टरांना फुकट दिल्या, त्या बदल्यात मागितले ते प्रत्येक रोग्याचे टिपण. त्यानंतर 1910 च्या अखेरीस हे औषध साल्वर्सान या नावाने विकायला आले.

यशासोबत त्रासही आला. साल्वर्सानची पूड हवेत बिघडे, ती विरघळवून नीट तयार करणे किचकट होते. चुकीच्या रीतीने टोचले तर दंड सुजून सडे. काही रोगी दगावले. एर्लिख प्रत्येक मृत्यूची चौकशी करत, झोप उडालेल्या अवस्थेत पत्रे लिहीत. 1912 मध्ये त्यांनी वापरायला सोपे निओसाल्वर्सान दिले. तरी टीका थांबली नाही. औषधात पैसा कमावल्याचे आरोप झाले, ते ज्यू असल्याचाही उद्धार झाला. फ्रँकफुर्टच्या एका संपादकाने रुग्णालयात वेश्यांवर बळजबरीने हे औषध टोचले जाते असे छापले. प्रकरण 1914 मध्ये न्यायालयात गेले, एर्लिख यांना साक्षीला उभे राहावे लागले. संपादकाला शिक्षा झाली, पण खालावलेली प्रकृती सावरली नाही. 20 ऑगस्ट 1915 रोजी बाड होम्बुर्ग येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

नाझी राजवटीत फ्रँकफुर्टमधल्या त्यांच्या नावाच्या रस्त्याची पाटी काढली गेली. वृद्ध हेडविग यांना देश सोडून आधी स्वित्झर्लंड आणि मग अमेरिका गाठावी लागली. युद्धानंतर रस्त्याला पुन्हा एर्लिख यांचे नाव मिळाले. दरम्यान त्यांचा मार्ग इतरांनी पुढे नेला होता. 1930 च्या दशकात आलेले पहिले सल्फा औषध प्रोन्टोसिल, तेही एक लाल रंगद्रव्यच होते.

पुन्हा टाकीपाशी

दगडावर अंग घासणाऱ्या त्या ऑस्करकडे आता वेगळ्या नजरेने पाहता येते. अंगावरचा पांढरा ठिपका हा इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस नावाचा एकपेशीय परजीवी आहे. नावाचा अर्थ, पुष्कळ पिले असलेली माशांवरची ऊ. तो त्वचेच्या वरच्या थराखाली दडलेला असतो, म्हणून पाण्यातले औषध त्याला शिवत नाही. पोसून झाला की तो गळून टाकीच्या तळाशी चिकटतो, फुटून त्याची शेकडो पिले होतात आणि ती नवा मासा शोधत पोहतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या पिलांना.

म्हणूनच पहिल्याच दिवशी ठिपके गेले नाहीत तर मात्रा दुप्पट करणे म्हणजे जंतू सोडून माशाला मारणे होय. आणि ठिपके गेले म्हणून दुसऱ्या दिवशी औषध बंद करणे म्हणजे तळाशी फुटू घातलेल्या पिलांना मोकळे रान देणे. पांढऱ्या ठिपक्यांवर एकट्या निळ्या औषधापेक्षा मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मालिन यांचे मिश्रण अधिक उपयोगी पडते. मिठाचाही फायदा होतो. पाणी हळूहळू 30 अंशांपर्यंत तापवले तर परजीवीचे चक्र लवकर फिरते आणि तो लवकर औषधाच्या माऱ्यात येतो. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मोठ्या माशाला तो जास्त लागतो, म्हणून हवेचा पंप वाढवावा लागतो. प्रत्येक मात्रेआधी थोडे पाणी बदलायचे आणि शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही काही दिवस उपचार चालू ठेवायचे.

ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्नच्या कपाळावर खड्डे पडतात, तो आजार मात्र निराळा. त्यात आतड्यातले परजीवी, खराब पाणी आणि निकृष्ट खाणे यांचा संबंध येतो. त्यावर मेट्रोनिडाझोल खाण्यातून देतात आणि पाणी सुधारतात. तिथे निळी बाटली उपयोगाची नाही. आधी रोग ओळखायचा, मग औषध निवडायचे, मग माप घ्यायचे, हा क्रम टाकीपाशीही चुकवून चालत नाही.

बाटलीचे झाकण उघडण्याआधी टाकीची लांबी-रुंदी मोजायला पाच मिनिटे पुरतात. एर्लिख यांनी एका औषधासाठी शेकडो संयुगांची मापे घेतली होती.